माझा दुखरा गुडघा
चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा वास आला की आमची पहिली गाडी आठवते. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेले वडील नगरच्या शोरूममध्ये अडून बसले, "गिअर न्हाई ती गाडी कसली?" पण चालवून बघताना त्यांचा गुडघा क्लचवर अडला, गाडी दोनदा बंद पडली आणि ते किल्ली माझ्या हातात देऊन उतरले. हे आता स्टिअरिंगला पुन्हा हात लावणार नाहीत, या भीतीने मीच गुडघा धरून कण्हलो, "मला क्लच दाबवत नाही, ऑटोमॅटिकच द्या!" वडील खुलले, "एवढ्यात म्हातारा झालास व्हय रं?" गाडी मिळाली त्या दिवशी त्यांनीच ती लिंबांवरून काढली आणि घोडेगावपर्यंत ऐटीत आणली. दारात उतरताना हळूच म्हणाले, "क्लच डाव्या पायाला असतो, लेका. तू उजवा गुडघा धरला हुतास." आता माझा डावा गुडघा खरंच दुखतो; सांगायला ते नाहीत.