त्या गावात बघण्यासारखं काय आहे

मुलगा इंग्लंडात समुद्रकाठच्या एका छोट्या गावात राहायला लागून दोन वर्षं झाली होती. आम्ही येतो म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, इथे बघण्यासारखं काही नाही. शिक्षण संपवून तो तिथल्या एका हॉटेलच्या ऑफिसात लागला, असं त्याने आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्या कर्वेनगरला. पासपोर्ट तयार होते, मेतकूट आणि भाजणी कुठल्या बॅगेत जाणार तेही ठरलं होतं. नुसतं त्याने ‘या’ म्हणायचं बाकी होतं आणि ते काही केल्या तोंडातून निघत नव्हतं.

ह्यांचं म्हणणं, तो नको म्हणतोय तर कशाला मागे लागायचं. एवढं बोलून हे दुपारी एकला आडवे व्हायचे ते चारला चहाच्या वेळी उठायचे. मला ती समाधी कधी लागली नाही. मी बाल्कनीत जायची, वाळत घातलेले कपडे चाचपायची, आत येऊन फ्रिज उघडायची आणि काही न घेता बंद करायची. शेवटी एका दुपारी मुलाच्या खोलीत जाऊन त्याचा जुना कॉम्प्युटर सुरू केला. बघण्यासारखं काही नाही काय, म्हटलं, दाखवतेच तुला.

गावाची वेबसाइट होती आणि सुट्टीत तिथे काय काय करावं याची लांबलचक यादी होती. ती मी वहीत मराठीत उतरवायला घेतली. समुद्रात आत शिरलेल्या लाकडी धक्क्यावर टोकापर्यंत चालत जावं. वाळूत गाढवावरून चक्कर मारावी. दोरीला मांसाचा तुकडा बांधून खेकडे पकडावेत आणि पकडलेले पुन्हा पाण्यात सोडावेत. खायचे नव्हते तर त्यांना वर कशाला काढलं, हे काही दिलेलं नव्हतं. रुळांवरच्या डब्यात बसून कडा चढावा. आणि भाड्याने आरामखुर्ची घेऊन समुद्राकडे तोंड करून बसावं. आपल्याकडे माणूस समुद्रावर गेला की गुडघ्यापर्यंत भिजतो, भेळ खातो आणि पायाची वाळू झटकत परत येतो. नुसतं बसायचं तर घरी काय वाईट आहे? तरी मी आठ दिवसांचा कार्यक्रम आखला. त्यात मुलाला एक दिवसही रजा घ्यावी लागणार नव्हती, याचा मला फार अभिमान वाटला.

यादीखाली कॅमेरा होता. हवा बघून लोकांनी घराबाहेर पडावं म्हणून एका हॉटेलच्या गच्चीवर बसवलेला. किनारा सतत दिसायचा. आमच्या दुपारी दीडला तिथे सकाळचे नऊ. मग ह्यांचं घोरणं सुरू झालं की मी कॅमेऱ्यापुढे. ऑफिसला जाताना मुलगा त्या रस्त्याने दिसेल, एवढीच आशा होती. कोट घालून कुत्री फिरवणारे म्हातारे दिसायचे. वाऱ्याला आडोसा म्हणून वाळूत काठ्या ठोकून कापड ताणणारी कुटुंबं दिसायची. एक जोडपं रोज गाडीत काचा बंद करून घरून आणलेला चहा प्यायचं आणि निघून जायचं. ते मूळचे आपल्याकडचेच असावेत अशी मला शंका आली.

आणि रोज नऊच्या सुमारास निळ्या जॅकेटातला एक माणूस आरामखुर्च्या मांडायला यायचा. चेहरा दिसायचा नाही, माणूसच पडद्यावर बोटाच्या पेराएवढा. पण चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी बाकीचं सोडून त्याच्याकडेच बघत बसते. तो डावा खांदा पाडून चालायचा. आमच्या घरात तसे दोघेच चालतात आणि त्यातला एक शेजारच्या खोलीत झोपला होता.

खांदा पाडून चालणारे जगात हजारो असतील, असं मी मनाला बजावलं आणि दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. ह्यांना काही बोलले नाही. आमटीत दोनदा मीठ घातलं. तिसऱ्या दिवशी राहवेना. कॅमेरा लावला, तो माणूस खुर्च्या उघडत होता. मी मोबाइल घेतला आणि मुलाला फोन लावला.

रिंग वाजत राहिली. पडद्यावरचा माणूस खुर्च्याच मांडत होता. मला इतकं हायसं वाटलं की मी फोन बंद करणार होते, तेवढ्यात कानात ‘हॅलो’ आलं. कॅमेऱ्यातलं चित्र काही सेकंद मागून येतं, हे मला माहीत नव्हतं. ‘हॅलो’ माझ्या कानात पडून गेल्यावर पडद्यावरच्या माणसाने हातातली खुर्ची खाली ठेवली, खिशात हात घातला आणि फोन कानाला लावला.

‘‘आई, ऑफिसात आहे. नंतर करू?’’

मला आधी संतापच आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, त्यात नवल नाही. पण तो वाऱ्याकडे पाठ करून, फोन हाताने झाकून उभा होता. तिथला वारा मला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला आमची लाज वाटते म्हणून बोलावत नाही, असं मी मनाशी धरून बसले होते. त्याला आमची नाही, स्वतःची वाटत होती आणि हॉटेलच्या ऑफिसाचं कौतुक गावभर सांगून ती आम्हीच वाढवली होती. मला रडूच आलं.

‘‘खुर्च्या जड असतात का रे?’’ मी विचारलं.

फोनवरचा त्याचा हात सुटला असावा, वारा ऐकू यायला लागला. मग पडद्यावर तो आधी धक्क्याकडे, मग रस्त्याकडे बघायला लागला. शेवटी त्याने मान वर करून हॉटेलच्या गच्चीकडे पाहिलं, म्हणजे सरळ माझ्याकडे.

‘‘भिजल्या की असतात,’’ तो म्हणाला. ‘‘ऑगस्टात या तुम्ही. तेव्हा कोरड्या असतात.’’