दमलेला पुढे

शहरातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचं हसू कवळीकाकाच्या हातचं होतं. दातांच्या दवाखान्यामागे एक बिनखिडकीची खोली होती, तिथे तो कवळ्या बनवायचा. मेणात एकेक दात बसवायचा, साचा भरायचा, घासूनपुसून चकाकी आणायची, आणि आजोबांना टोचते म्हणून परत आली की पुन्हा घासत बसायचं. दिवसभर मान खाली. संध्याकाळपर्यंत मान, पाठ आणि कंबर तिघींनी संप पुकारलेला असे. अशा माणसानं रविवारी अंथरुणात लोळावं. हा मात्र डोंगर पळत चढायचा. तेही मनाविरुद्ध, पण हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

याचं मूळ ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, शहराच्या बसवर नोकरीला. त्याची बायको गेल्यापासून बस लावून घरी आला की तो जो खुर्चीत बसायचा तो झोपेपर्यंत. दिवाही लावायचा नाही. कवळीकाकाला ते बघवेना. शेवटी त्यानं एक थाप मारली: डॉक्टरांनी मला पळायला सांगितलंय, हृदयाचं काहीतरी आहे, एकट्यानं डोंगर चढायची भीती वाटते. ड्रायव्हर मुकाट्यानं बूट घालून आला. थाप लागू पडली, जरा जास्तच लागू पडली. वर्षं उलटली तरी पळणं काही सुटेना.

दोघांचा एक नियम होता. दमलेल्यानं पुढे पळायचं, म्हणजे मागचा त्याच्या बेतानं येतो आणि कुणी एकटा पडत नाही. नियम शहाणा होता, पाळणारे नव्हते. पायथ्याशी दर रविवारी "तू पुढे हो", "नाही, तू हो" अशी ओढाताण व्हायची आणि शेवटी प्रत्येक वळणाला अदलाबदल करायचं ठरायचं. पुढच्याला वाटे, मागच्याच्या पायांत दम आहे, आपल्यापायी त्याचा खोळंबा नको. म्हणून तो जीव काढून पळे. मागच्याला वाटे, वा, गड्याला आज जोर चढलाय. मग तोही फरफटत पळे. अशा रीतीनं दोन दमलेली माणसं एकमेकांना डोंगरभर पिटाळत.

त्या रविवारी हवा घराबाहेर पडण्यासारखी नव्हती. वारा नुसता कापत होता, आणि मधूनच गारा पडत होत्या. पन्नाशी उलटल्यावर आता कुणाला काय करून दाखवायचंय, असं बायकोनं दारातच विचारलं. आज ड्रायव्हरला पळणं बंद म्हणून सांगूनच येतो, असं म्हणून तो निघाला. असं तो गेले कित्येक रविवार म्हणत होता. पण सांगायचं कसं? आपण थांबलो की ड्रायव्हर पुन्हा त्या अंधाऱ्या खुर्चीत जाऊन बसेल, ही भीती त्याला दुखऱ्या गुडघ्यापेक्षा जड होती.

निम्म्यावर वाऱ्यानं दोघांनाही वाटेवरून ढकलायला सुरुवात केली. गारांनी कान बधिर झाले. कवळीकाका पुढे होता. श्वास पुरेना, गुडघा तर पाऊल टाकू देईना. तरी थांबावं तर मागचा काय म्हणेल म्हणून तो रेटत राहिला. माथ्याच्या थोडं खाली पाण्याची टाकी लागली. तिच्या भिंतीचा आडोसा दिसला आणि त्याचे पाय आपोआप तिकडे वळले. तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला. ड्रायव्हर आला आणि शेजारी तसाच कोसळला.

आधी ड्रायव्हर बोलला, तोही जमिनीकडे बघत. "तुझ्या डॉक्टरांना एकदा विचारशील का? चाललं तर नाही का भागणार? माझे गुडघे कधीच गेलेत रे. तुला एकट्याला कसं पाठवू म्हणून येतोय."

कवळीकाकाला हसावं की रडावं कळेना. "डॉक्टर कसला," तो म्हणाला. "मला काही झालेलं नाही. तुला खुर्चीतून उठवायचं होतं."

ड्रायव्हरनं त्याच्याकडे नीट पाहिलं. आता हा चिडणार, असं कवळीकाकाला वाटलं. तो चिडला नाही. त्यानं बुटांच्या नाड्या सैल केल्या, पाय लांब पसरले आणि वर्षानुवर्षांचा थकवा एकदम अंगावर आल्यासारखा डोळे मिटून बसला.

"म्हणजे आता नाही पळायचं," तो म्हणाला.

"नाही."

"मग रविवारी मी काय करू?"

एवढी वर्षं ज्या प्रश्नाला भिऊन कवळीकाका डोंगर चढत होता, तो आता समोर येऊन बसला होता. "आमच्याकडे ये," तो म्हणाला. "बोलायचंही नाही. नुसता बस."

"आणि कंटाळा आला तर?"

"दोघं मिळून कंटाळू."

बायको गेल्यापासून ड्रायव्हर कुणाच्याही घराचा उंबरा चढला नव्हता. लग्न असो, बारसं असो, बोलावणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो "नको" म्हणून मोकळा व्हायचा. आता मात्र त्यानं ते "नको" उच्चारलं नाही. गारा थांबल्यावर त्यानं सैल केलेल्या नाड्या पुन्हा बांधल्या.

"बघतो," तो म्हणाला.