जात्याचा नांगर

बोट जिभेला लावून हवेत धरायचं आणि म्हणायचं, "स्वल्प थांबा." वारा कुठून येतोय ते बघायची ही त्यांची रीत, आणि स्वल्प म्हणजे इथल्या कानडीत थोडं. तळ्यावर ठीक आहे, पण जयनगरात भाजी घेतानाही तेच. तुमच्याही शेजारी असा एखादा असेलच.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे साताऱ्याचे, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. नव्वद सालानंतर त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडाची होडी बांधली आणि होसकोट्याकडच्या एका तळ्यावर ठेवली. दर रविवारी आम्ही तिथे जायचो. त्यांच्या होडीत ते आणि मी, दुसऱ्या होडीत कॉम्प्युटरमध्ये काम करणारं नागपूरचं एक तरुण जोडपं. अण्णांची बायको पाण्याला भ्यायची, ती घरीच राही. मला बोलवत ते थालीपिठांसाठी. मला पोहता येत नाही, पण थालीपीठ येतं.

तळ्याच्या मध्यावर दोन्ही होड्या एकमेकींना बांधायच्या, नांगर मात्र एकच टाकायचा, अण्णांचा. मग डबे या होडीतून त्या होडीत फिरत. ज्याचा नांगर, तो म्हणेल तेव्हाच परत निघायचं.

हा नांगर म्हणजे माझ्या जात्याचा वरचा दगड. मिक्सर आल्यावर जातं मागच्या दारी पडून होतं. अण्णांनी दगडाच्या भोकातून चिकपेटहून आणलेली दोरी ओवली आणि म्हणाले, "अक्का, इतकी वर्षं पीठ दिलं यानं, आता थारा देईल."

पुढे अण्णा विसरायला लागले. एकदा गॅस चालू राहिला, एकदा घराची गल्ली चुकली. एका रविवारी निघताना त्यांच्या बायकोनं मला जिन्यात गाठलं. "अक्का, लक्ष ठेवा. आता एक जरी चूक झाली, तर होडी विकून टाकणार आहे मी."

त्याच दिवशी अण्णांनी नेहमीसारखं बोट हवेत धरलं, "स्वल्प थांबा" म्हणाले आणि दगड टाकला. त्यामागून दोरी सरसर गेली, आणि शेवटचं टोकही गेलं. ते होडीच्या कडीला बांधलेलंच नव्हतं. अण्णा रिकाम्या हातांकडे बघत उभे राहिले. दोन्ही होड्या लव्हाळ्याकडे सरकू लागल्या.

"काका, दोरी बांधली नव्हती का?" नागपूरकरानं विचारलं.

"मी सोडली," मी म्हटलं. "पायात येत होती."

"अहो मावशी, असं करतात का?"

अण्णाही मला रागावले. "अक्का, दोरीला हात लावायचा नसतो." मी ऐकून घेतलं आणि थालीपिठं वाढली.

संध्याकाळी त्यांच्या बायकोनं विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, "माझं अर्धं जातं मीच बुडवलं."

पुढच्या रविवारी मी खालचा दगड नेला. मधली मेख काढली की त्यालाही भोक आहेच. नव्या दोरीचं टोक कडीला आधी मी बांधलं, पोत्याच्या तोंडाला मारतात तशी गाठ. ती सोडायची नाही असं सांगून ठेवलं.

आणखी दोन हिवाळे आम्ही गेलो. मग अण्णा अंथरुणाला खिळले, आणि गेले. होडी विकली, तेव्हा माझा दगड आणायला मी तळ्यावर गेले. घेणाऱ्याला दोरी सुटेना. बघितलं तर माझ्या गाठीवर आणखी एक गाठ होती, घट्ट, नीटस, इंजिनियरची.

माझ्यावर भरवसा नव्हता, की स्वतःवर, ते आता कोणाला विचारणार? घेणाऱ्यानं कोयता काढला.

"स्वल्प थांबा," मी म्हटलं, आणि दोन्ही गाठी नखांनी सोडवत बसले.