सांगलीला न गेलेला पंप

आमच्या ट्रकला गिऱ्हाईक रविवारी संध्याकाळी येणार होतं आणि मला ते गुरुवारी कळलं. तेही आईकडून, फोनवर, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर. "दादानं ठरवलंय. आबा न्हाई म्हणाले न्हाईत." आबा नाही म्हणाले नाहीत म्हणजे हो म्हणाले, अशी आमच्या घरातली समजूत आहे. ती कुणी करून दिली कोण जाणे.

आबा, म्हणजे माझे वडील, तीसेक वर्षं ट्रक चालवतात. कोकणातून जांभ्या दगडाचे चिरे भरायचे, कुंभार्ली घाट चढून वर आणायचे आणि उंब्रजच्या आसपास ज्यांची घरं उठताहेत त्यांच्या दारात उतरवायचे. गेल्या चार-पाच महिन्यांत मात्र सकाळी दहाला येणारी गाडी दुपारी दोनला येऊ लागली. मागचे ट्रकवाले घाटात त्यांना ओलांडून जाऊ लागले. वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळं निदान करायला कुणाला डॉक्टर लागला नाही. म्हाताऱ्याचा पाय चालत नाही, त्याला रेस दाबवत नाही, असं आधी ड्रायव्हर लोक म्हणाले, मग गाव म्हणालं, मग दादा, माझा मोठा भाऊ, म्हणाला. तो फौजेत आहे आणि तेव्हा सुट्टीवर आला होता. तो वाईट नाही. घाटात भरलेली गाडी मागं सरकली तर काय, या धास्तीनं त्याला घास गोड लागत नव्हता.

आणि मी? मीही दिवाळीत म्हणून बसले होते, "आबा, आता बास करा." मी डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेली, वर्गात एकटी मुलगी म्हणून मिरवलेली बाई. रोज ट्रॅक्टरची इंजिनं उघडते. गाडी चढाला ओढत नाही असं परक्यानं सांगितलं असतं तर मी आधी डिझेलची लाइन बघितली असती. बापाच्या बाबतीत मी गुडघा बघितला. याची मला आजही लाज वाटते.

बरं, गाडी तपासली नव्हती असंही नाही. दोन महिन्यांपूर्वी आबांनी डिझेलचा पंप स्वतः उतरवला आणि एस.टी.नं मांडीवर घेऊन सांगलीला टेस्टिंगला नेला. मशीनवर तो अगदी ठणठणीत निघाला. त्या दिवसापासून आबांनी वाद घालणंच सोडलं. आईला एवढंच म्हणाले, "पंप चांगला हाय. मंजी मीच बाद झालोय." हे आईनं सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. शुक्रवारची रजा टाकून मी गाव गाठलं.

आबा शेवटची खेप करायला निघाले होते. मी केबिनमध्ये चढून बसले.

"तू कशाला गं?"

"चिरे बघायला."

"चिऱ्यात काय बघायचंय?"

"ते बघितल्यावर सांगते."

खाली कोकणात चिरे भरून झाले तशी मी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. ट्रकचं लायसन्स मी हट्टानं काढलेलं आहे. आबा पलीकडच्या दारानं चढले. पहिली दोन वळणं गाडी झकास चढली. तिसऱ्या वळणाला आवाज बसला. मी रेस दाबली, आणखी दाबली, पाय पार तळाला टेकला. माझ्या पायाचं कधी ऑपरेशन झालेलं नाही. गाडीनं तरीही मान टाकली.

मी ब्रेक दाबून धरला. आबा उतरले, चाकाखाली दगड सारला, बॉनेटखाली हात घातला आणि पंपाचं हातानं डिझेल मारायचं बटण खालीवर करू लागले. चाळीस-पन्नास वेळा. त्यांच्याकडं बघूनच कळत होतं की हे आज पहिल्यांदा चाललेलं नाही.

"हे कितीदा करताय तुमी?"

"लय न्हाई. चार-पाचदा."

"एका खेपंला? आवं आबा, मग कुणाला बोलला का न्हाई?"

"काय बोलू? पंप नीट हाय म्हणून सांगलीचं मशीन सांगतंय. लोक म्हणली असती, म्हातारा सबबी सांगतोय."

मला एवढा राग आला की मी हँडब्रेक ओढून पाना घेऊनच खाली उतरले. राग त्यांचा नव्हता. चार महिने हा माणूस घाटात एकटा उतरत होता, दुखऱ्या गुडघ्यानं वाकून डिझेल मारत होता, आणि आम्ही घरी बसून त्याच्या उशिरा येण्याचं कारण ठरवून मोकळे झालो होतो.

ट्रॅक्टरची डिझेलची टाकी वर असते, डिझेल आपसूक खाली उतरतं. ट्रकची टाकी खाली, चाकांच्या मध्ये. तिथून डिझेल ओढून वर द्यायला एक छोटा फीड पंप असतो, मुठीएवढा, मोठ्या पंपाच्या कुशीला तीन नटांवर बसवलेला. छोट्यानं ओढायचं, मोठ्यानं मोजून इंजिनाला द्यायचं. मोठा ठणठणीत होता, मग छोट्याला विचारायला हवं होतं.

ड्रायव्हरच्या गाडीत कॅन आणि नळी नसते असं होत नाही. मी डिझेलचा कॅन केबिनच्या टपावर बांधला आणि नळी आधी छोट्या पंपाच्या तोंडाला जोडली. टाकी आणि खालचा पाइप त्यातून वगळला. गाडी दोन वळणं चढली आणि पुन्हा बसली. म्हणजे टाकीत कचरा नव्हता आणि पाइप हवा घेत नव्हता. मग छोट्या पंपालाही वगळून नळी थेट फिल्टरला जोडली. वरून येणाऱ्या एकानं गाडी थांबवून विचारलं, "आबा, ट्रकला सलाइन लावलंय व्हय?" आबा पहिल्यांदा हसले.

सलाइनवर गाडी सगळा घाट चढली. एकदाही दम खाल्ला नाही. माथ्यावर मी नळी काढून सगळं पहिल्यासारखं जोडलं, कारण टपावर डिझेल घेऊन गावापर्यंत जाण्याएवढी मी शूर नाही. सपाटीला गाडी रडतखडत का होईना, चालत होतीच.

"आबा, छोटा पंप खराब हाय. सांगलीवाल्याला कसा दिसला न्हाई?"

कोयनानगर मागं पडलं, तेव्हा आबा बोलले.

"त्यो सांगलीला गेलाच न्हाई."

"म्हंजे?"

"मी त्यो सोडवून घरी ठेवला व्हता. वरिजनल हाय, गाडीसंगट आलेला. तिथं बदलून डुप्लिकेट बसवला असता तर?"

तीन नट सोडवून, डिझेलमध्ये धुऊन, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून आबांनी तो धान्याच्या कणगीमागं लपवला होता. मोठा पंप परत आल्यावर त्याच मायेनं पुन्हा बसवला. सगळ्या गाडीत जो एकच भाग बिघडला होता, तोच त्यांनी चोरीच्या भीतीनं जपून ठेवला. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी हसले आणि मग आबाही हसले, पण त्यांचे डोळे भरले होते.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं छोटा पंप घेऊन सांगलीला गेलो. टेस्टिंगवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "ताई, आमच्या मशीनला डिझेल द्यायला त्याचा स्वतःचा पंप असतोय. मोठा नीट चालला, मी ओके लिहिलं. छोटा आमच्याकडं आलाच न्हवता." आबा जमिनीकडं बघत होते. मग त्यांनीच त्या माणसाची माफी मागितली. तो बिचारा गोंधळला. जुना पंप त्यानं तिथंच उघडला. आतली स्प्रिंग तुटून तिचे दोन तुकडे झाले होते.

नवा पंप आम्ही दुपारी दारात बसवला. पॅकिंग नवं, तांब्याचे वायसर नवे. नट मी आवळले आणि हवा आबांनी काढली. स्क्रू ढिला करून ते डिझेल मारत राहिले. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. भाऊ दारात हाताची घडी घालून उभा होता.

"एवढ्याशा डबीनं गाडी थांबती?" तो म्हणाला.

"उद्या बघ," मी म्हटलं. "चिरे उतरवायचे न्हाईत. भरलेली गाडी घाटाखाली न्यायची आणि वर आणायची."

"येडी झालीस का? चिरे काय फिरायला न्यायचे?"

"व्हय. आणि तूबी यायचं."

रविवारी सकाळी आम्ही चिरे फिरायला नेले. खाली गाडी वळवली आणि मी मुद्दाम दाराकडं सरकून बसले. भाऊ मध्ये. आबांनी गिअर टाकला. तिसरं वळण आलं, गाडी नुसती गुरगुरत चढत राहिली. भाऊ आबांच्या उजव्या पायाकडं टक लावून बघत होता. पाय दाबला जात होता, सुटत होता, वळणाला हलकेच उचलला जात होता. अवघड वळणाला आबांनी पुढचा एक ट्रक ओलांडला. गरज नव्हती.

माथ्यावर कुणाला थांबावंसं वाटलं नाही. कोयनानगरला आबांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. भावाचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "आबा, संध्याकाळी त्यास्नी येऊ द्यायचं का?"

"येऊ दे की," आबा म्हणाले. "गाडी चांगली हाय. दावू. पर का इकताय म्हणून इचारलं, तर काय सांगशील?"

भावानं गिऱ्हाइकाला काय सांगून ठेवलंय ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"मला गाडी ऱ्हायली काय, गेली काय," आबा म्हणाले. "पर माझ्या पायाचं नाव घालून इकू नगंस."

भावानं खिशातून फोन काढला. खाली उतरून बोलेल असं मला वाटलं. तो तिथंच, आमच्या दोघांच्या मध्ये बसून बोलला. पलीकडच्यानं बहुतेक कारण विचारलं असावं. भाऊ परेडवर बोलावं तसा मोठ्यानं म्हणाला, "न्हाई, इकायची न्हाई. आमच्याकडं ड्रायव्हर हाय."