मयताआधी पंचनामा

अलेक्झांड्रियाच्या बंदर कचेरीतल्या मेनफ्रेमला, म्हणजे त्या खोलीभर संगणकाला, कोणी नुसतं 'सर्व्हर' म्हटलेलं मदाम बहिगाला खपत नसे. सर्व्हर काय, टेबलाखालीही मावतो. याच्याशी माणसाने उभं राहून बोलावं. मुख्य ऑपरेटर म्हणून सव्वीस वर्षं ती उभी राहूनच बोलत आली. त्यात गुडघे गेले, आवाज मात्र कमावला गेला.

गेल्या तीन मंगळवारी अकराच्या सुमाराला हे धूड गोठलं. तिन्ही वेळा संचालक शुक्री बे धावत आले, "चालू करा" म्हणाले, ते चालू झालं, आणि अहवालात कारण लिहिलं गेलं : ऑपरेटरची चूक. चौथ्यांदा असं झालं तर मदामची रवानगी तळघरातल्या दफ्तरखान्यात, असं ठरलं होतं.

चौथ्या मंगळवारी ते गोठलंच.

"चालू करा, मदाम. फाटकाबाहेर ट्रक तुंबलेत."

"आधी सगळी मेमरी डिस्कवर उतरवते, बे. चालू केलं की ती पुसली जाते. पंचनाम्याआधी मयत हलवत नाहीत."

"किती वेळ?"

"बावीस मिनिटं."

"तोवर माझंच मयत होईल."

"मग तुमचाही करू. बसा, चहा सांगते."

तिने प्रोसेसर थांबवले आणि डंप, म्हणजे मेमरीची जशीच्या तशी नक्कल, घेणारा छोटा प्रोग्राम चढवला. पडदा बराच वेळ ढिम्म. शुक्री बेंचं बोट हळूच कळीकडे सरकलं.

"हलत नाही हो. पुन्हा चढवू?"

"हात मागे. दुसऱ्यांदा चढवलात तर या प्रोग्रामचीच नक्कल उतरेल. मयत राहील बाजूला, पंचांचाच पंचनामा होईल."

बे हात पाठीमागे बांधून बसले. चहात त्यांनी चार चमचे साखर घातली आणि ढवळायचे विसरले.

डंप पुरा उतरला. इंजिनियर लमईने दोन दिवस तो वाचला. मेमरी एकाच यादीने फुगली होती : दहा वर्षांतला एकूण एक कंटेनर. यादी मागवली होती शुक्री बेंच्या खोलीतल्या पडद्यावरून. मंगळवारी अकराला परदेशी पाहुणे येत, आणि बे त्यांना एका कळीवर अख्खं बंदर दाखवत.

गुरुवारी बेंनी मदामला बोलावलं. बराच वेळ चष्मा पुसला.

"कारण काय लिहावं? 'अतिउत्साही वापर' चालेल?"

"चालेल. कोणाचा तेही लिहा. आणि मागचे तीन अहवालही सोबत आणलेत."

बेंनी चारही कागदांवर 'संचालक कार्यालय' असं बारीक अक्षरात लिहिलं आणि सही केली. पुढच्या मंगळवारी पाहुण्यांना त्यांनी बंदर खिडकीतून दाखवलं.