शांताकाकूंच्या हातावरचा नंबर

संत्र्याच्या हंगामात गप्पा मारता मारता ओट्यावर सालींचा ढीग होतो. खाताना कोणाचं लक्ष नसतं, उठायची वेळ झाली की तो दिसतो. आमच्या रविवारच्या टेबलावरच्या गोष्टींचंही तसंच झालं.

टेबल म्हणजे अमरावतीतल्या आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरातलं, एका पायाखाली वीट सरकवलेलं. शिक्षणासाठी बरीच वर्षं दिल्लीत काढून मी परत आले, तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. ज्या माणसाला फक्त मुलीशी बोलायचं आहे, त्याच्या गळ्यात रोजचा दोन जीबी डेटा मारणं ही लूट आहे, आणि ती लहान आहे म्हणून माफ होत नाही. मी पाटी लावली: ‘ज्येष्ठांसाठी परवडणारा रिचार्ज. सल्ला मोफत.’

पहिल्या रविवारी वानखडे काका आले. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. पाटी सावकाश वाचून म्हणाले, "फुकट सल्ला देणारे इथं लय हायेत पोरी. तू खुर्च्या जास्त ठेव."

मी खुर्च्या वाढवल्या. टेबल तेव्हापासून चाललं.

*

बोंडे बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मी त्यांना समजावलं, "बाई, तुम्ही इंटरनेट वापरतच नाही. हा सगळा डेटा रोज रात्री वाया जातो."

बाई गंभीर झाल्या. "रोज?"

"रोज."

पुढच्या रविवारी आल्या त्या थकलेल्या दिसल्या. ताटात कधी अन्न न टाकणारी बाई, तिला हे सहन झालं नव्हतं. आठवडाभर त्या दुपारी भजनाचा व्हिडिओ लावायच्या, फोन तुळशीसमोर ठेवायच्या आणि अधूनमधून उठून किती संपलं ते पाहायच्या.

"तुम्हाला भजनं आवडतात हे माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"मी कुठं ऐकते? मी झोपते. तुळस ऐकते."

मी त्यांना नुसत्या बोलण्याचा, लांब मुदतीचा पॅक घेऊन दिला. नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सुटली बापा. तुळसही सुटली."

*

रहीमचाचा गाद्या भरायचे. त्यांची मुलगी अकोल्याला दिली आहे. त्यांच्या पॅकमध्ये कितीही बोलायची सोय होती, तरी चाचा रोज सकाळी मुलीला मिस्ड कॉल द्यायचे. एक रिंग, आणि बंद. मग तिकडून एक रिंग यायची, की फोन खिशात.

"चाचा, बोलायचे वेगळे पैसे पडत नाहीत. पोटभर बोला."

"बेटा, आपन बोलाले लागलो तर तिची रोटी जलते. एक रिंग मारली, म्हनजे अब्बा ठीक हाय. तिनं मारली, म्हनजे तीही ठीक हाय. आता यात बोलाचं काय राह्यलं?"

"पण पैसे तर बोलण्याचे भरता."

"मस्जिदीत पंखा लावून देला तर रोज त्याच्याखालीच बसाचं का?"

त्यांचा पॅक मी बदलला नाही. काय बदलणार होते?

*

वानखडे काकांकडे दोन फोन होते. एक मुलाने दिलेला मोठा. दुसरा बटनांचा, जुना, नाड्याने बांधून बंडीच्या खिशात ठेवलेला. हा दुसरा कधी वाजायचा नाही. काका मात्र त्याचा रिचार्ज संपायच्या आधीच टेबलावर हजर.

मी हिशेबाला बसले. "काका, या नंबरवर कोणाचा फोन येतो?"

"कोनाचाच नाही."

"तुम्ही करता?"

"नाही."

"मग हा बंद करा ना. उगाच कशाला भरायचं?"

खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, "जुनी ओळख असंन बापा एखादी." सगळे हसले. काकाही हसले. मग म्हणाले, "घरी ये चहाले. काकूले भेट."

शांताकाकूंना विसर पडायला लागून बरेच दिवस झाले होते. एकदा अकोल्याहून दोघं येत होते. मूर्तिजापूरच्या स्टँडवर काका पाण्याची बाटली भरायला उतरले. परत येतात तो सीट रिकामी. काकू संध्याकाळी दर्यापूरच्या स्टँडवर सापडल्या, दुसऱ्याच गाडीतून तिथं पोचलेल्या.

"आयुष्यभर लोकायले बरोबर स्टँडावर उतरवलं पोरी," काका म्हणाले, "अन् घरचंच पॅसेंजर हरवलं."

त्यानंतर ते काकूंच्या बटव्यात नंबराची चिठ्ठी ठेवायला लागले. काकू त्या चिठ्ठ्या अंगारा म्हणून देवापुढे ठेवायच्या, नाही तर पुडी करून त्यात बडीशेप बांधायच्या. मग एका जत्रेत, डोकं ठिकाणावर होतं अशा एका सकाळी, गोंदणारा मशीन घेऊन बसला होता त्याच्यासमोर काकू स्वतःच जाऊन बसल्या. म्हणाल्या, "कागद हरवते. हात नाही हरवत."

मी चहा घेत असताना काकूंनी मला हात दाखवला. लग्नाआधी गोंदलेलं हिरवट तुळशीवृंदावन, आणि त्याखाली ताज्या काळ्या शाईत दहा आकडे. बटनांच्या फोनचे.

टेबलाशी परत आल्यावर मी तो हिशेबाचा कागद फाडून टाकला. आता प्रश्न एवढाच होता, की हा नंबर काही केल्या बंद पडता कामा नये. आणि काकांच्या पेन्शनीत दुसरा फोनही बसला पाहिजे.

*

अडचण दोन बाजूंनी होती. जुन्या कंपनीचा स्वस्त पॅक होता, पण दर थोड्या दिवसांनी संपणारा. चुकून राहिला की येणारे फोनही बंद. शिवाय घरात रेंज नाही. काका तो फोन खिडकीच्या गजाला टांगून ठेवायचे आणि खाली खुर्ची टाकून बसायचे.

चौकातला रिचार्जवाला म्हणाला, "काका, नवीन सिम घ्या. मस्त ऑफर आहे. नंबरही चांगला देतो."

काका शांतपणे म्हणाले, "नंबर तू देशीन बापा. पन हात कुठून आनू नवा?"

रिचार्जवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नंबर तोच ठेवायचा आहे. कंपनी बदला. नुसत्या बोलण्याचा, वर्षभराचा पॅक."

ते जमणार होतं. फक्त, जुनं सिम बंद होऊन नवं सुरू व्हायच्या मध्ये काही तास फोन मुका राहणार होता.

काकांचा चेहरा उतरला. "अन् त्याच वेळेले ते निघाली तं?"

*

मंगळवारी सकाळी जुनं सिम बंद पडलं. पाटी न लावताच टेबल मांडलं गेलं. मधल्या खुर्चीवर शांताकाकू, त्यांच्या शेजारी काका, भोवती आम्ही सगळे. बोंडे बाई दाराजवळ बसल्या होत्या, वर्गातून कोणी पळून जाऊ नये म्हणून बसतात तशा.

काकूंनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पदर सावरून हळूच काकांना विचारलं, "कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं. फोन बंद हाय."

"फोनासाठी एवढे लोकं?"

"हो."

काकूंनी बोटांवर माणसं मोजली. "मंग चहा तं करा कोनी."

चहा झाला. दुसऱ्यांदा झाला. दुपार कलल्यावर मी नवं सिम घालून फोन चालू केला, आणि चाचांनी न सांगता आपला फोन काढला. टेबलावर बटनांचा फोन वाजला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

एक रिंग, आणि बंद.

"उचला ना," काकू म्हणाल्या. "कोनाचा हाय पाहा."

"चाचाचा हाय," काका म्हणाले. "सगळं ठीक हाय म्हनते."

*

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काका टेबलाशी आले होते. घरी काकूंजवळ शेजारीण बसली होती. थोड्या वेळाने तीच धावत आली. भाजी उतरवायला ती स्वयंपाकघरात गेली, तेवढ्यात काकू घरातून गेल्या होत्या.

खुर्च्या रिकाम्या झाल्या. चाचा एका गल्लीत, बोंडे बाई रिक्षा थांबवून दुसरीकडे. मी निघाले तसे काका म्हणाले, "तू थांब. मीही इथंच थांबतो. इथं रेंज हाय."

त्यांनी फोन खिशातून काढून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि त्याच्यासमोर बसले. एकदा उचलून रेंज पाहिली, परत ठेवला. ऊन पायरीवरून खाली उतरलं.

फोन वाजला. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत त्यांनी उचलला. मी स्पीकरचं बटन दाबलं.

"हॅलो, मी इतवारा बाजारातून बोलतो, भांड्याच्या दुकानातून. एक आजी येऊन बसल्या आहेत. म्हणतात, माझा माणूस हरवला, या हातावरच्या नंबरवर लावून पाहा. तुम्ही कोण?"

"तिले द्या फोन," काका म्हणाले.

खरखर झाली. मग काकूंचा आवाज आला, रागावलेला.

"कुठी हाय तुमी? मी केव्हाची पाहून राह्यली."

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"हरवलो व, शांते."

काकूंचा आवाज एकदम मऊ झाला.

"भेऊ नोका. या दादाले पत्ता विचारा अन् या. मी हालत नाही इथून."