वहिनींचं माप

आमच्या गल्लीतले शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, एका सकाळी पोत्याएवढं काहीतरी खांद्यावर टाकून माझ्या गॅरेजात आले आणि ते त्यांनी धपकन बाकड्यावर ठेवलं. जाड कॅनव्हासचं, चिंध्या ठासून भरलेलं, जागोजागी फुगवटे आलेलं. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, इंजिन.

मी पंचवीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. शिवलेलं इंजिन पहिल्यांदाच पाहत होतो.

मास्तरांची जुनी गाडी चार महिने माझ्याकडे पडून होती. इंजिन जाम झालेलं. भंगारात द्या, असं मी तोंडावर सांगून टाकलं होतं. नव्या इंजिनाचं नाव काढायची त्यांची ऐपत नव्हती आणि गाडी सोडायची तयारी नव्हती, कारण त्यांची बायको, आमच्या वहिनी. वहिनी मागे एकदा पाय घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांचा पाय फारसा उचलत नाही. बसची पायरी त्यांना झेपत नव्हती. पण ही गाडी मुळातच बुटकी. तिच्यात त्या बसायच्या आणि दर आठवड्याला नदीपलीकडे, अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीकडे जाऊन यायच्या. इंजिन गेल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. बहीण रोज फोनवर एकच विचारायची, कधी येतेस.

तेव्हा मास्तरांनी स्वस्तातला बेत आखला, तोही कपडा बेततात तसा. भंगारवाल्याकडे त्याच कंपनीच्या एका व्हॅनचं धडधाकट इंजिन होतं. खाकी कागदावर त्यांनी त्याच्या बोल्टांच्या भोकांचा ठसा घेतला आणि माझ्याकडे येऊन आपल्या गिअरबॉक्सवर ठेवून पाहिला. नऊपैकी आठ भोकं तंतोतंत जुळली. मग टेप लावून सगळी मापं घेतली आणि हे बोचकं शिवलं, कारण ट्रायल घेतल्याशिवाय त्यांनी जन्मात गिऱ्हाइकाला कपडा दिला नव्हता.

मी वैतागलोच. म्हटलं, "मास्तर, कापड दबतं. लोखंड दबत नाही."

"म्हणून तर चारी बाजूंनी दोन बोटं माया ठेवलीय," ते म्हणाले. माया म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. पुढे माणूस बदलला तर उसवून कपडा त्याच्यासारखा करता येतो.

बोचकं बॉनेटखाली नीट बसलं. दोन आठवड्यांनी खरं इंजिन साखळीवरून खाली सोडलं, तर तेही कुठे न घासता आत गेलं. हात ग्रीसनं भरलेले होते म्हणून, नाहीतर मी तोंडात बोटंच घातली असती. अडचण एकच राहिली. या इंजिनाचं तेलाचं चेंबर खाली लोंबत होतं, ते गतिरोधकाला लागलं असतं. त्याचीही तजवीज कागदावर होती. स्प्रिंगांना पॅकिंग, गाडी तीन इंच वर. दाराची खालची चौकट आता जमिनीपासून अकराच्या जागी चौदा इंचांवर येणार होती, आणि वहिनी चौदा इंच पाय उचलतात, असा त्यांचा हिशेब. माप घेतलंत का, असं मी विचारलं.

ते हसले. "घरच्या माणसाचं माप घ्यावं लागतं होय? डोळ्यांत आहे ते."

खोटं नव्हतं. एकतीस वर्षं वहिनींचा एकेक कपडा त्यांनी टेप न लावता शिवला होता. मीही मग पुढे बोललो नाही, आणि ते माझं चुकलंच.

शनिवारी गाडी त्यांच्या दाराशी नेली. वहिनी पिशवी घेऊन तयारच होत्या. काठी टेकत आल्या, एका हातानं दार धरलं आणि पाय उचलला. पाय चौकटीच्या खालीच अडला. पुन्हा उचलला, पुन्हा तिथेच. इंजिन इतकं छान चाललं होतं की मला ते ऐकवेना. मी किल्ली फिरवून ते बंद केलं.

मास्तर पांढरेफटक पडले होते. "पण चौदा उचलतेस तू," ते म्हणाले.

"उचलत होते. चार महिने घरात बसून आहे मी. तिथे कुठे काय चढायचं असतं?"

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि भर रस्त्यात गुडघे टेकले. टेपचं टोक जमिनीला लावून म्हणाले, उचल. आकडा पाहिला आणि टेप तसाच धरून ठेवला. मीच वाकून वाचला. साडेनऊ. म्हणजे गाडी मुळात होती तशी असती, तरी वहिनी चढल्या नसत्या. दोन खोल्यांचं घर, त्यांच्या मशीनपासून वहिनींची खुर्ची चार पावलांवर, आणि ह्या माणसाला पत्ता नव्हता. मला धक्का बसला, तर त्यांचं काय झालं असेल.

"पुन्हा उचल," ते म्हणाले. पुन्हा साडेनऊच भरले.

"पहिल्यांदाच माप घेतलंत माझं," वहिनी म्हणाल्या, "निदान नीट लिहून ठेवा." आणि पिशवी घेऊन आत गेल्या.

मास्तर टेप गुंडाळत उठले. मीच म्हटलं, पॅकिंग काढतो, चेंबर कापून उथळ करतो, स्प्रिंगांचं एकेक वेटोळं कमी करतो. गतिरोधक टाळून लांबच्या रस्त्यानं जावं लागेल एवढंच. खाकी कागद बॉनेटवर पसरून मी चौकटीच्या उंचीपुढे साडेनऊ लिहिलं.

मास्तरांनी घरात डोकावून पाहिलं, वहिनी ऐकत नाहीत ना, आणि आवाज खाली आणला.

"साडेनऊ नको, आठ धर. माया ठेव."

मी साडेनऊ खोडून आठ लिहिलं.